मिनी ट्रॅक्टरचं मागचं ब्लेड: निवड, जोडणी आणि वापर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे जिल्ह्यात १५ ते २८ एचपीचे मिनी ट्रॅक्टर आता बागांपुरते राहिलेले नाहीत. फार्महाऊसचा कच्चा रस्ता, पाणंद, प्लॉटचं लेव्हल, धरणातला गाळ पसरणं, पावसाळ्यानंतर सोसायटीच्या रस्त्यावरचा चिखल ओढणं, अशी सगळी कामं त्यांच्याकडे आली आहेत. या कामांसाठी लागणारं अवजार म्हणजे मागचं ब्लेड, ट्रॅक्टरच्या मागे आडवा जोडायचा बाकदार लोखंडी पत्रा. कोणी त्याला लेव्हलर म्हणतं, कोणी सुपडी, जुनी माणसं अजून केणीच म्हणतात. सुपडीला बाजूच्या भिंती असतात, ब्लेडला नसतात. खालची उत्तरं ब्लेडबद्दल आहेत.

ब्लेडनं खोदता येतं का?

नाही. सगळ्यात जास्त ब्लेडं याच गैरसमजातून वाकतात. ब्लेड मोकळी माती सरकवतं, पसरतं आणि फार तर इंच-दीड इंच तासतं. कडक जमीन आधी कल्टिव्हेटरनं फोडायची आणि मग ब्लेड लावायचं. हा क्रम पाळला तर १५ एचपीचा ट्रॅक्टरही दिवसभर निवांत काम करतो. नाही पाळला तर २८ एचपीचाही चाकं गरगर फिरवत उभा राहतो.

किती फुटी ब्लेड घ्यावं?

ट्रॅक्टरच्या एचपीआधी मागच्या टायरांचं माप बघा. एका टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप लावा. ब्लेड तिरकं केल्यावरही त्या मापापेक्षा दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच बाहेर राहिलं पाहिजे. नाहीतर आत्ताच सारख्या केलेल्या जमिनीवर तुमचंच चाक चाकोरी पाडत जातं.

तिरकं केल्यावर ब्लेडची कामाची रुंदी घटते, आणि खरेदी करताना नेमकं हेच विसरलं जातं. ३० अंशांत वळवलेलं ५ फुटी ब्लेड प्रत्यक्षात ४ फूट ४ इंच जागा साफ करतं, तर ४ फुटी ब्लेड ३ फूट साडेपाच इंच. ४५ अंशांत ५ फुटी ब्लेड जेमतेम साडेतीन फूट उरतं.

महिंद्रा युवराज २१५ किंवा व्हीएसटी शक्ती एमटी १८० डी अशा १५ ते १८ एचपीच्या अरुंद ट्रॅक्टरला ४ फुटी पुरतं. कुबोटा निओस्टार बी २४४१ किंवा जॉन डिअर ३०२८ ईएन अशा २४ ते २८ एचपीच्या ट्रॅक्टरला ५ फुटी घ्या. "पुढंमागं मोठा ट्रॅक्टर घेणारच आहे" म्हणून मिनीला ६ फुटी लावू नका. भरलेलं ब्लेड ओढताना ट्रॅक्टर बसतो, आणि अरुंद बांधावर वळताना ब्लेडचं टोक झाडाला लागतं.

पत्रा किती जाडीचा हवा? दुकानदार नुसतं "हेवी ड्यूटी" म्हणतात.

हेवी म्हणजे किती किलो, ते विचारा. मिनीसाठी ब्लेडचा पत्रा ६ मिमी असावा. ५ मिमीचं ब्लेड बागेत चालेल, पण मुरमात टोकं मागे वळतात. ६ मिमी पत्र्याचं वजन चौरस मीटरला सुमारे ४७ किलो भरतं, म्हणजे ५ फूट लांब आणि १५ इंच उंच पत्रा एकटाच २७ किलोच्या आसपास होतो. तळाची ५ इंची, १२ मिमी जाड कटिंग पट्टी अजून १८ किलो. फ्रेम, आणि ब्लेड ज्यावर वळतं तो खुंट आणि फिरकी धरून असं ब्लेड ९० ते १२० किलोचं व्हायला हवं. कोणी ६० किलोचं ब्लेड ६ मिमीचं म्हणून विकत असेल तर जाडी मोजायचं व्हर्नियर काढा. कडेला रंगाचा जाड थर देऊन जाडी दाखवलेली असते, म्हणून माप भोकाच्या आतल्या कडेला घ्यायचं.

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या वर्कशॉपमधून ब्लेड बनवून घेत असाल तर भाव किलोवर ठरवा आणि माल वजनकाट्यावर चढवूनच उचला. दोन कोटेशनं समोर असतील तर प्रत्येकाची किंमत वजनाने भागा. स्वस्त वाटणारं कोटेशन पुष्कळदा महाग निघतं.

पट्टी वेल्ड केलेली नको, बोल्टची हवी. बोल्ट सपाट डोक्याचे आणि चौकोनी मानेचे असले की डोकं माती अडवत नाही आणि नट आवळताना बोल्ट फिरत नाही. पट्टीची दोन्ही बाजूंची धार सारखी असेल तर एक झिजल्यावर उलटून वापरता येते.

माझ्या ट्रॅक्टरला पिन बसत नाहीत. काय चुकलं?

तुमच्याकडे कॅटेगरी एकचा ट्रॅक्टर आहे आणि ब्लेड कॅटेगरी दोनचं आलं आहे, बहुधा हेच. ट्रॅक्टरच्या मागे अवजार तीन ठिकाणी जोडतात, खाली दोन लिंक आणि वर एक टॉप लिंक; कॅटेगरी म्हणजे या जोडणीचं माप. कॅटेगरी एकची खालच्या लिंकची पिन २२ मिमी आणि टॉप लिंकची १९ मिमी असते. कॅटेगरी दोनमध्ये हीच मापं २८ आणि २५ मिमी. छोट्या ट्रॅक्टरांत आणखी एक भानगड आहे, अरुंद कॅटेगरी, म्हणजे वन-एन. तिच्यात पिना त्याच मापाच्या असतात, पण दोन लिंकमधलं अंतर कमी असतं. त्यामुळे पिन हातात बसते, पण ब्लेड लिंकमध्ये बसत नाही. ऑर्डर देण्याआधी दोन्ही लिंकच्या गोळ्यांमधलं अंतर मोजून सांगा.

मोठ्या भोकात बारीक पिन घालून काम भागवू नका. पिन खडखडते, भोक लंबगोल होतं आणि ब्लेड कधीच सरळ चालत नाही. बुश मिळतात, ती घाला.

जोडताना क्रम कोणता?

आधी डावी खालची लिंक, मग उजवी, शेवटी टॉप लिंक. उजव्या बाजूच्या लिफ्ट रॉडला उंची कमीजास्त करण्याचा क्रँक असतो, म्हणून ती बाजू नंतर जुळवणं सोपं जातं. लिंच पिना (जोडणी निसटू न देणाऱ्या) लावल्या की दोन्ही चेक चेन, म्हणजे खालच्या लिंकना बाजूला हलू न देणाऱ्या साखळ्या, इतक्या आवळा की ब्लेड बाजूला हलवलं तर इंचभरच हलेल. चेन ढिल्या राहिल्या तर तिरकं ब्लेड मातीच्या दाबानं सरकत जाऊन टायरला घासतं. शेवटी ब्लेड पूर्ण वर उचलून केबिनला किंवा मडगार्डला कुठं लागतं का ते इंजिन आयडलवर ठेवून बघा.

एटीव्हीला (मोटरसायकलसारखं हँडल असलेल्या चारचाकी गाडीला) पुढे ब्लेड लावून हेच काम होईल का? बाहेरदेशी बर्फासाठी लावतात तसं.

बर्फासाठी होतं, मातीसाठी होत नाही. कारण वजनात आहे. नुकताच पडलेला बर्फ घनमीटरला १०० किलो किंवा त्याहूनही हलका असतो. ओली माती किंवा मुरूम त्याच मापात दीड हजार किलोच्या वर जातो. एटीव्ही स्वतःच तीन-चारशे किलोची, आणि बहुतेक एटीव्हींत ताकद चाकापर्यंत रबरी बेल्टनं जाते. मुरमाच्या ढिगाला नाक लावलं की बेल्ट घसरतो, तापतो आणि जळका वास यायला लागतो. शिवाय बर्फाचं ब्लेड स्प्रिंगवर असतं. दगड लागला की ते पुढे झुकून सुटतं. मातीत ते पावलागणिक झुकत राहील.

आमचा कॅम्प मनालीच्या वर आहे आणि एटीव्ही पुण्याहूनच पाठवायची आहे. मग काय बघावं?

मग बर्फाचं ब्लेड बरोबर. रुंदीचा नियम वर सांगितला तोच: तिरकं केल्यावर टायरांच्या बाहेर राहिलं पाहिजे. अशी ब्लेडं साधारण ४ ते ६ फुटांत मिळतात. ब्लेड विंचनं उचलायचं असेल तर तारेच्या दोरापेक्षा सिंथेटिक दोर बरा. ब्लेड दिवसातून शेकडो वेळा फूटभर वर-खाली होतं, दोराचा तेवढाच तुकडा वाकत राहतो आणि तार तिथंच तुटते. खडीच्या वाटेवर ब्लेडखालच्या चकत्या अशा लावा की धार जमिनीपासून अर्धा इंच वर राहील, नाहीतर वसंतात सगळी खडी कडेच्या ढिगात सापडेल. बेल्टची गाडी नेहमी लो रेंजमध्ये चालवा. आणि पहिल्याच बर्फाला कडेचे ढीग हवे त्यापेक्षा चार-पाच फूट लांब ढकला. ते रात्रीतून दगडासारखे गोठतात आणि मोसमभर रस्ता आत आत अरुंद होत जातो.

बाकी पान मातीचं आहे.

टॉप लिंक लांब करायची की आखूड?

बाजूनं उभं राहून ब्लेडकडे बघा. टॉप लिंक लांब केली की ब्लेडचं डोकं मागे जातं, तळाची धार पुढे येते आणि छिन्नीसारखी जमिनीत घुसते. आखूड केली की डोकं पुढे झुकतं, धार मागून घासत येते आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. म्हणून तासायला लांब, फिनिशिंगला आखूड. एका वेळी टर्न बकलचे दोन आटे फिरवा आणि दहा फूट चालवून बघा. पाच-सहा आटे एकदम फिरवले तर कशामुळे फरक पडला तेच कळत नाही.

ब्लेड १८० अंशांत उलटं फिरवलं की त्याची फुगीर पाठ पुढे येते. ही बाजू माती अजिबात कापत नाही, फक्त चोपत-पसरत जाते. शेवटच्या हाताला ती फार उपयोगी पडते.

लिफ्टचे दोन दांडे आहेत. कोणता वापरायचा?

पोझिशन कंट्रोल, म्हणजे अवजार ठरवलेल्या उंचीवर धरून ठेवणारा. ड्राफ्ट कंट्रोल नांगरासाठी आहे: ओढ वाढली की तो अवजार आपोआप वर घेतो. ब्लेडपुढे माती साठली की हाच दांडा ब्लेड उचलतो, माती सुटते, ब्लेड पुन्हा खाली येतं, आणि तुमच्या मागे वरवंट्याएवढ्या उंचीच्या लाटा तयार होतात.

पोझिशन कंट्रोलवर ठेवूनही लाटा पडतातच. का?

ब्लेड मागच्या चाकांच्याही मागे आहे, म्हणून. पुढची चाकं उंचवट्यावर चढली की ट्रॅक्टरचं नाक वर जातं, शेपूट खाली येतं आणि ब्लेड घुसतं. पुढची चाकं खड्ड्यात गेली की ब्लेड वर उचललं जातं. म्हणजे उंचवट्याच्या अलीकडेच खोल कापून ठेवलंत आणि खड्ड्याच्या अलीकडेच माती सोडून दिलीत. दुसऱ्या फेरीत त्याच लाटेवरून गेलात की लाट वाढते.

यावर तीन उपाय आहेत, त्यांचा क्रमही हाच ठेवा. पहिला, फेरी तिरकी मारा: शेताच्या लांबीला एक फेरी झाली की पुढची कोपऱ्यातून कोपऱ्यात. दुसरा, ब्लेड २०-३० अंश तिरकं ठेवा, म्हणजे माती समोर न साठता बाजूला वाहत जाते. तिसरा, वेग कमी करा. ताशी दोन ते चार किलोमीटर, म्हणजे शेजारी माणूस रमतगमत चालू शकेल एवढाच. ड्रायव्हर तिसऱ्या गिअरला गेला की लाटा परत येतात, हे कोणत्याही प्लॉटवर बघून घ्या.

ब्लेड जमिनीवरून नुसतं घसरत जातं, पकडतच नाही.

आपल्या ट्रॅक्टरची हायड्रोलिक लिफ्ट फक्त वर ओढते, खाली दाबत नाही. ब्लेड खाली येतं ते स्वतःच्या वजनानं. तेव्हा टॉप लिंक लांब करा. पट्टीची धार बोथट झाली असेल तर उलटा. तरीही घसरत असेल तर जमीन कडक आहे, कल्टिव्हेटर लावा. वजन घालायचंच असेल तर फ्रेमवर वाळूची ४० किलोची एक-दोन पोती दोरीनं घट्ट बांधा.

गडी ब्लेडवर उभा राहिला तर छान पकडतं. चालेल ना?

नाही, कधीच नाही. गावोगाव हे सर्रास दिसतं. एक गडी फ्रेमवर पाय ठेवून, टॉप लिंकला हात लावून उभा असतो. मुळी किंवा दगड लागला की ब्लेड झटका खातं, माणूस पुढे टायरवर नाहीतर खाली धारेसमोर पडतो, आणि ड्रायव्हरची नजर पुढे असते. वाळूचं पोतं पडलं तर फक्त पोतं फाटतं.

माती कधी ओढावी?

वाफसा असताना. मूठभर माती घट्ट दाबा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. पडून भुसभुशीत फुटली तर वाफसा आहे. गोळा तसाच राहिला तर थांबा. दाबून गोळाच होत नसेल तर माती वाळली आहे, धूळ उडेल.

काळ्या मातीत हे जास्तच जपायला लागतं. ओली असताना ती ब्लेडला लिंपून बसते, ब्लेडचा बाक बुजतो आणि मग माती फिरत नाही, भिंतीसारखी उभी राहते. एप्रिल-मेमध्ये हीच माती विटेसारखी होते. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंतचा काळ पुण्याच्या पट्ट्यात सपाटीकरणाला सगळ्यात सोयीचा. उन्हाळ्यातच करायचं असेल तर आदल्या संध्याकाळी टँकरनं पाणी मारा आणि सकाळी काम सुरू करा.

फार्महाऊसचा १० फुटी कच्चा रस्ता दरवर्षी वाहून जातो. ब्लेडनं कसा करायचा?

रस्ता वाहून जातो तो पाण्यामुळे, आणि पाणी रस्त्यावर थांबतं ते रस्ता मधे खोलगट असल्यामुळे. चाकांनी दोन चाकोऱ्या पाडल्या की रस्त्याचाच ओढा होतो. मुळशी-भोरच्या उतारावर एका पावसात त्यात गुडघाभर घळ पडते. वर कितीही मुरूम ओतलात तरी आकार बदलला नाही तर पुढच्या जुलैत तो मुरूम शेजाऱ्याच्या खाचरात सापडेल. म्हणून खरं काम आकाराचं आहे.

आधी पाच फणी कल्टिव्हेटरनं जुना पृष्ठभाग दोन-तीन इंच उकरा, चाकोरीच्या तळापर्यंत. मग ब्लेड ३० अंश तिरकं करून रस्त्याच्या एका कडेनं जा, माती मधोमध पडेल अशा बेतानं. परत येताना दुसऱ्या कडेनं या. माती पुन्हा मध्यावर पडते आणि रस्त्याच्या मधून एक लांब वरंबा तयार होतो. तो ट्रॅक्टरच्या पोटाखालून जाईल एवढाच ठेवा, आठ-नऊ इंचांच्या आत. आता ब्लेड सरळ करून वरंबा दोन्ही बाजूंना हलका हलका पसरा. मध्य उंच राहिला पाहिजे. कच्च्या रस्त्याला मध्यापासून कडेपर्यंत ४ टक्के उतार चांगला. १० फुटी रस्त्यात म्हणजे मध्य कडेपेक्षा सुमारे अडीच इंच उंच. गवंड्याची पाण्याची नळी लावून दर ५० फुटांवर मोजा. डोळ्याला अडीच इंच नेहमी जास्तच वाटतात आणि माणूस मोह होऊन सपाट करून टाकतो.

मग चर. उजव्या लिफ्ट रॉडचा क्रँक फिरवून ब्लेडचं एक टोक खाली घ्या, ब्लेड तिरकं ठेवा आणि रस्त्याच्या कडेनं दोन-तीन फेऱ्यांत सहा इंच खोल व्ही आकाराचा चर ओढा. एका फेरीत सहा इंच घ्यायला गेलात तर ट्रॅक्टरच चराकडे ओढला जातो. चराचं पाणी उतारावर जिथं सोडायचं तिथं दगड टाका, नाहीतर तिथंच नवी घळ सुरू होते.

मुरूम सगळ्यात शेवटी. चार इंच मोकळा थर टाकायचा असेल तर १० फुटी रस्त्यात एक ब्रास (१०० घनफूट) साधारण ३० फूट पुरतो. म्हणून ट्रॉली दर ३० फुटांवर रिकामी करायची, तीही उभी करून नाही, हळूहळू पुढे सरकवत, म्हणजे ढीग लांबट पडतो आणि त्यावरून जाता येतं. ट्रॉली एक ब्रासची आहे असं कोणी सांगितलं तरी टेप लावा: आतली लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा आणि १०० ने भागा. वाहतुकीच्या रॉयल्टीची पावती मुरूमवाल्याकडून आधीच मागून घ्या. पावतीविना गाडी अडली तर काम तिथंच थांबतं.

पसरून झाल्यावर पाणी मारा आणि रोलर फिरवा. ब्लेड माती दाबत नाही, हे लक्षात ठेवा. रोलर मिळत नसेल तर ट्रॅक्टर रिकामी ट्रॉली जोडून प्रत्येक फेरीत एक टायर सरकवत रस्ताभर फिरवा. रोलरसारखं होत नाही, पण नुसतं सोडण्यापेक्षा कितीतरी बरं. दबल्यावर चार इंचांचा थर तीन इंचांच्या आसपास उरतो.

धरणातला गाळ शेतात किती टाकावा?

गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना २०१७ मध्ये सुरू झाली तेव्हापासून हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो. हिशोब सोपा आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गुंठ्याला एक ब्रास टाकला की थर साधारण एक इंचाचा होतो, एकराला ४० ब्रास. गाळ ओला असताना ब्लेड लावू नका. ढीग सुकून भेगा पडल्यावर लावा, मग ढेकळं फुटतात आणि सारखा पसरतो.

सपाटीकरण केलं आणि त्या भागात पीकच येईना.

वरची माती खाली आणि खालचा मुरूम वर आला. आपल्याकडे दख्खनच्या बेसाल्टवर मातीचा थर बऱ्याच ठिकाणी फूट-दीड फूटच असतो. उंचवटा तासून खड्डा भरला की उंचवट्याच्या जागी उघडा मुरूम उरतो. योग्य रीत अशी: वरची सहा इंच माती आधी ओढून एका कडेला वरंबा करून ठेवायची, मग खालचा थर सारखा करायचा, आणि शेवटी तीच माती परत अंथरायची. वेळ दुप्पट लागतो, पण शेताचा सुपीक थर शाबूत राहतो.

भातखाचरात चिखलणीनंतर वापरता येईल?

नको. चिखलात ब्लेड बसतं आणि वर काढताना ट्रॅक्टर रुतवतं. तिथं लाकडी फळीच बरी.

सोसायटीच्या काँक्रीटवर आणि पेव्हर ब्लॉकवर लोखंडी पट्टी ओरखडे काढते.

कटिंग पट्टी काढा आणि त्याच बोल्टवर जुन्या कन्व्हेयर बेल्टची १०-१२ मिमी जाड पट्टी लावा, खाली दोन इंच लोंबती. पुढून लोखंडी फ्लॅट पट्टीचा आधार द्या, नाहीतर बोल्टपाशी रबर फाटतं. ओला गाळ ती छान ओढते. वाळलेला चिखल निघणार नाही, आधी पाणी सोडा. पेव्हर ब्लॉकवर लोखंड एकदा एका उठलेल्या ब्लॉकखाली शिरलं की रांगच्या रांग उचकटते, म्हणून तिथं हा बदल करायलाच हवा. चेंबरची झाकणं चुन्यानं खूण करून ठेवा.

रिव्हर्समध्ये ढकललं तर?

मोकळ्या मातीचा ढीग, लो रिव्हर्स, हळूच. एवढ्यापुरतंच. खालच्या लिंक ओढण्यासाठी बनवलेल्या असतात, ढकलण्यासाठी नाहीत. रिव्हर्समध्ये ब्लेड बुंध्याला किंवा दगडाला टेकलं तर आधी लिंक वाकते. नंतर जोडणी कितीही जुळवली तरी ब्लेड एका बाजूला तिरकंच चालतं, आणि लोक त्याचा दोष ब्लेडला देतात.

उतारावर काय सांभाळायचं?

ब्लेड खाली, अगदी जमिनीपासून वीतभरच वर. उंच धरलेलं शंभर किलो वजन ट्रॅक्टर मागे झुकवतं आणि पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग सुटतं. पुढचे वजनी ब्लॉक असतील तर लावा. आडव्या उतारावर मिनी ट्रॅक्टर लवकर कलंडतो, कारण तो अरुंद आहे. शक्य तितकं वर-खाली चालवा. आडवं जाणं टळत नसेल तर वळताना उताराकडे वळा. पकड कमी पडत असेल तर मागच्या टायरांत पाणी भरून घ्या: व्हॉल्व्ह सगळ्यात वर ठेवायचा आणि पाणी व्हॉल्व्हपर्यंत आलं की थांबायचं, म्हणजे टायर पाऊण भरतो आणि वर हवेला जागा राहते. डिफ लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा लॉक, फक्त सरळ चालताना दाबा.

बांध थोडा सरकवून सरळ केला तर?

मोजणी झाली आहे का? नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करा, मोजणी होऊन खुणा पडू द्या, मगच बांधाजवळ ब्लेड न्या. हद्दीचा दगड ब्लेडनं हलला की पुढची भांडणं ट्रॅक्टरच्या किमतीपेक्षा महाग पडतात. नैसर्गिक ओढा किंवा नाला बुजवण्याच्या भानगडीत तर पडूच नका. ठिबकची सबमेन, व्हॉल्व्ह, बोअरची केबल कुठून गेली आहे तिथं आधी चुन्याची रेघ मारा. शहरालगतच्या प्लॉटमध्ये गॅसची लाईन असते, तेही विचारून घ्या.

केव्हा ब्लेड सोडून जेसीबी बोलवावा?

सहा इंचांपेक्षा जास्त कापायचं असेल, किंवा शंभर-दीडशे फुटांपेक्षा लांब माती न्यायची असेल तेव्हा. ब्लेडला भिंती नाहीत, लांब अंतरावर माती बाजूनं सांडत जाते. जेसीबीचा तास महाग वाटतो, पण मिनी ट्रॅक्टरचे चार दिवस, डिझेल आणि झिजलेला क्लच धरलात तर स्वस्त पडतो. जेसीबीनं ढोबळ काम आणि ब्लेडनं फिनिशिंग ही जोडी चांगली जमते. लेझर लेव्हलरला साधारण ५० एचपीचा ट्रॅक्टर लागतो, मिनीच्या मागे तो चालत नाही.

देखभाल किती?

थोडी, पण ठरल्या वेळी. नव्या ब्लेडचे सगळे बोल्ट पहिल्या तासानंतर पुन्हा आवळा, रंग दबून ते ढिले होतात. फिरकीच्या खुंटाला दर आठ-दहा तासांनी ग्रीस द्या. पट्टी झिजत बोल्टच्या डोक्यापासून अर्ध्या इंचावर आली की उलटा. आणखी चालवली तर बोल्टची डोकी झिजतात आणि पट्टी कटरनं कापूनच काढावी लागते. काम झालं की माती धुवा आणि ब्लेडच्या बाकावर तेलाचा हात फिरवा. गंजलेल्या बाकाला काळी माती लगेच धरते. धुळीच्या दिवसांत ट्रॅक्टरचा एअर क्लीनर रोज उघडून बघा.

ब्लेड वर ठेवून कधीही खाली वाकू नका. ते तेलाच्या दाबावर उभं असतं, सील गेलं की येतं. खाली लाकडी ओंडका लावा. काम संपल्यावर ब्लेड जमिनीवर टेकवूनच ट्रॅक्टर बंद करा.

अनुदान मिळतं का?

कृषी यांत्रिकीकरणात महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करता येतो. लहान व सीमांत, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के, कमाल मर्यादेच्या आत. पूर्वसंमती येण्याआधी खरेदी केलीत तर अनुदान गेलं. आणि ज्या अवजाराचा मान्यताप्राप्त संस्थेचा तपासणी अहवाल आहे तेच चालतं. वर्कशॉपमधून बनवून घेतलेल्या ब्लेडला हा अहवाल नसतो, म्हणून आधी ठरवा: अनुदान हवं की मनासारखं वजन. मोशीला डिसेंबरात भरणाऱ्या किसान प्रदर्शनात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी ठेवून बघता येतात, तिथं व्हर्नियर खिशात घेऊन जा.

जुनं ब्लेड घेताना काय तपासू?

ब्लेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून धरा. मधे एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर ब्लेड वाकलं आहे, सोडून द्या. मग फिरकीचा खुंट: ब्लेडचं टोक हातानं वर-खाली हलवा. टोकाला दोन इंचांपेक्षा जास्त खेळ असेल तर खुंट आणि बुश दोन्ही गेले आहेत, तेवढा खर्च किमतीतून वजा करून सांगा. खुंटाच्या बुडाशी नवा रंग दिसला तर नखानं खरवडा. तिथं पुन्हा केलेलं वेल्डिंग लपवलेलं असतं, आणि ते एकदा तुटलेलं ब्लेड त्याच जागी पुन्हा तुटतं.